आर्णीला जाऊन मी बहिणीचं फिरणं कसं बंद पाडलं

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. गेले चार महिने मी कॅलरी मोजतोय. तोंडात जाईल ते मी फोनमधल्या अ‍ॅपमध्ये भरायचं आणि चाललेलं सगळं मनगटावरचं घड्याळ आपोआप भरणार, असा आमचा करार आहे. या करारात एक फार सोयीची पळवाट आहे. घरातून पार्किंगपर्यंत गेलं की तो व्यायाम. ऑफिसात जागेवरून कॉफीच्या मशीनपर्यंत गेलं की तो व्यायाम. ते मशीन बंद असेल आणि वरच्या मजल्यावर जावं लागलं, तर मग विचारायलाच नको. अ‍ॅप या सगळ्याबद्दल मला शाबासकी देतं, दिवसाच्या कोट्यात दोन-अडीचशे कॅलरी वाढवून देतं आणि त्या मी संध्याकाळी वडापावच्या रूपात उचलतो. शिवाय घड्याळाच्या नजरेतून काही सुटलं असेल म्हणून झोपण्यापूर्वी तेच चालणं मी हातानं पुन्हा भरायचो, 'वेगाने चालणे, पंचेचाळीस मिनिटे'. चार महिन्यांत वजन अडीच किलोनं वाढलं.

माझी बायको शिल्पा म्हणाली, "तू चालतोस कमी आणि चाललो म्हणून सांगतोस जास्त." मी तिला बेसल मेटाबॉलिक रेट समजावून सांगायला गेलो, पण ती तेव्हा ओटा पुसत होती.

डिसेंबरात मंगलताईचा फोन आला. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला गेली, त्याला पंचवीसेक वर्षं झाली. भाऊजींचं तिथं खताबियाण्यांचं दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. ताईनं हसत हसत सांगितलं की तिला शुगर निघाली आहे. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. रोज पाऊण तास सलग चालायचं, तोंड बांधायचं, मग पुन्हा रक्त तपासू. आकडा उतरला नाही तर जन्माच्या गोळ्या. आमच्या आईचे पाय आणि डोळे याच दुखण्यानं गेले. मग ताई म्हणाली, "तुरी भरल्या बापू. ये चार दिवस." ताईसाठी मी अजून बापूच, नितीन बाहेरच्यांसाठी. मी रजा टाकली. चालण्याबाबत ताईला तज्ज्ञाचं मार्गदर्शन मिळावं, हाही एक उदात्त हेतू होताच.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. रेल्वेनं जायचं तर धामणगावला उतरून पुढं यवतमाळपर्यंत तासाभराची बस धरावी लागते. मी खासगी स्लीपरनं गेलो. तेरा-चौदा तास लागतात, लग्नसराई नसली तर हजार-बाराशेत तिकीट मिळतं. मोठा रस्ता सोडून बस आडवाटेला लागली की वरच्या बर्थवरच्या माणसाचं घुसळून ताक होतं, म्हणून खालचा बर्थ मागून घ्या. सकाळी यवतमाळला उतरलो तेव्हा घड्याळात तीन हजार शंभर पावलं जमली होती. मी रात्रभर झोपलेलो होतो. घड्याळ मनगटावर, मनगट बर्थवर, बर्थ खड्ड्यांवर, असं ते गणित होतं. एखाद्या सज्जन माणसानं ती पावलं पुसून टाकली असती. मी बसस्टँडसमोर दोन आलूबोंडे घेतले आणि वरून तर्री ओतून घेतली. तिसऱ्याचा विचार होता, पण संयम पाळला.

यवतमाळ-आर्णी रस्ता आता चौपदरी आणि गुळगुळीत आहे. लाल बसनं तासाभरात पोचवलं. दोन्ही बाजूंना तूर कमरेवर आलेली, मधूनमधून फुटलेल्या कपाशीची शेतं आणि कापूस लादून एका बाजूला कललेल्या गाड्या. घड्याळ पूर्ण वेळ गप्प होतं. चांगल्या रस्त्याचा हा एक तोटा.

ताईकडे पोचल्यावर पहिली बातमी भाऊजींनीच दिली, तीही तक्रारीच्या सुरात. त्यांचा साडेसहाचा चहा महिनाभरापासून सव्वासातला मिळत होता. कारण साडेसहाला ताई आणि शेजारच्या रेहानाभाभी फिरायला बाहेर पडत. रेहानाभाभी शिवणकाम करतात, त्यांच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. दोघी एकमेकींना भाभी म्हणतात, त्यामुळे नवख्या माणसाला कोण कुणाची कोण याचा पत्ता लागत नाही. अरुणावतीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. ताईनं त्यासाठी पांढरे बूट घेतले होते. पंचवीस वर्षांत मी ताईच्या पायात चपलेखेरीज काही पाहिलं नव्हतं. साडीवर घातलेले ते बूट तिनं मला दोनदा दाखवले.

भाऊजींचा विरोध असा नव्हता. ते बायकोला कोंडून ठेवणाऱ्यांतले नाहीत, आणि तसं म्हटलेलं त्यांना सहनही व्हायचं नाही. त्यांना फक्त कळत नव्हतं. बाई दिवसभर घरात इकडून तिकडं करतेच, मग तेच काम बाहेर जाऊन वेगळं कशाला करायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. आणि चहा. मी मनातल्या मनात त्यांच्यावर हसलो. पुण्यातल्या माणसाला हे फार सहज जमतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी मला मोटारसायकलवर घेऊन एका तांड्यावर गेले. सुदाम राठोड नावाचे त्यांचे जुने गिऱ्हाईक तिथं राहतात. जायचं असेल तर चारचाकीचा हट्ट धरू नका. डांबर संपल्यावर जे सुरू होतं त्याला रस्ता म्हणण्याची तिथं केवळ पद्धत आहे. आम्ही उतरलो तेव्हा घड्याळानं थरथरून अभिनंदन केलं आणि पडद्यावर फुलबाज्या उडवल्या. सकाळी साडेनऊ वाजता माझी सात हजार आठशे पावलं झाली होती. त्यातली माझी स्वतःची फार तर तीनशे असतील. बाकी त्या रस्त्याच्या ठेकेदाराची.

राठोडांच्या शेतात दुसरी वेचणी चालू होती. त्यांच्या पत्नी कमलाबाई आणखी चार बायकांबरोबर ओळीनं कापूस वेचत होत्या. मीही हौसेनं कमरेला झोळी बांधली. वाकायचं, बोंडातून कापूस असा उपसायचा की पानाचा कचरा सोबत येत नाही, तो झोळीत टाकायचा, अर्धं पाऊल सरकायचं आणि पुन्हा वाकायचं. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला घुसतात. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागली, अर्ध्या तासात तिनं बोलणं सोडून दिलं. तासाभरानं मी बांधावर येऊन बसलो. झोळीत दोन उशा भरतील इतकासुद्धा कापूस नव्हता, आणि घड्याळात तासाभरात भर पडली होती ती सहाशे चाळीस पावलांची. 'तुम्ही बराच वेळ बसून आहात, थोडं उठून चाला,' असंही त्यानं मला सुचवलं.

कमलाबाईंनी ते घड्याळ काय सांगतं असं विचारलं. मी म्हटलं, माणूस किती चालला ते. त्यांनी आकडा पाहिला आणि सरळ मनानं विचारलं, "मंग आज तुमी चालले कुठं?" मी म्हटलं, मोटारसायकलवर. ओळीतल्या बायका एवढ्या हसल्या की एकीची झोळी सुटली.

जेवायला ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. अ‍ॅपमध्ये सोल्यांची भाजी सापडेना, म्हणून मी 'मटार करी, एक वाटी' असं भरलं. वाट्या तीन होत्या, हा तपशील अ‍ॅपनं विचारला नाही. परतीच्या रस्त्यानं आणखी साडेपाच हजार पावलं मिळवून दिली. त्या दिवशी माझा पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फिटनेस ग्रुपवर पहिला नंबर आला आणि मी टाळ्यांचे इमोजी निमूटपणे स्वीकारले.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच दिग्रसमार्गे पुसदला निघालो आणि इथं माझ्या हातून ते झालं.

निघताना ताई चहा गाळत होती. आदल्या दिवशी मी पाहिलं होतं, ती क्षणभर टेकत नव्हती. मला एकदम बहिणीचा कळवळा आला. मी घड्याळ काढून तिच्या मनगटावर बांधलं आणि म्हटलं, आज हे दिवसभर घाल, संध्याकाळी आपण भाऊजींना दाखवू तू किती राबतेस ते. ती नको म्हणत होती. कणीक मळताना अडचण होते म्हणाली. मी ऐकलं नाही.

पुसद मला आवडलं. चहूबाजूंनी टेकड्या, मधे ऐसपैस पसरलेलं गाव, स्टँडपासून बाजारात जाईपर्यंत कापडाची, भांड्यांची, सोन्याची दुकानं आणि शाळा-कॉलेजांतून सुटलेल्या सायकलींचा पूर. मोटारींची कामं करणाऱ्यांच्या एका गल्लीत मी अर्धा तास नुसता उभा राहिलो. तिथं एक चाचा जीपच्या इंजिनाशी जे बोलत होते ते मला पाठ करून ठेवायचं होतं. बाजारात दोन तास भटकलो. पण मनाला चैन नव्हती, कारण घड्याळ नव्हतं. चाललेलं वाया जात होतं. समोसे दिसत होते आणि ते कोणत्या पावलांवर खायचे ते कळत नव्हतं. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो, हे मला पुसदच्या बाजारात कळलं. समोसे शेवटी खाल्लेच.

संध्याकाळी परतलो. भाऊजी दुकान आवरून घरात येऊन बसले होते, रेहानाभाभी ब्लाउज द्यायला आल्या होत्या. मी सगळ्यांसमोर ताईच्या मनगटावरचं घड्याळ वाचलं. तेरा हजार चारशे बारा. सकाळच्या फिरण्यानंतरचे, निव्वळ घरातले. मी अक्षरशः भाषण ठोकलं. घरकाम हाच सगळ्यात मोठा व्यायाम आहे, ऑफिसातले लोक एवढ्या पावलांसाठी जिमला पैसे भरतात, ताई तर माझ्यापेक्षा दुप्पट व्यायाम करते, वगैरे. ताई लाजली. खरंच लाजली, तिच्या कामाचा आकडा आजवर कुणी मोठ्यानं वाचलेला नव्हता. मला वाटलं, भाऊजी आता वरमतील.

भाऊजींचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "मंग झालं ना सालेसाहेब. तेरा हजार घरातच होऊन राह्यले तं पुलाकडं कायले जाचं? मी हेच तं म्हनून राह्यलो महिन्यापासून."

त्यात कुठंही कुत्सितपणा नव्हता. आपलं म्हणणं पुण्याच्या इंजिनिअरनं यंत्र लावून सिद्ध केलं, याचा निर्मळ आनंद होता. रेहानाभाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि ब्लाउज ठेवून निघून गेल्या. ताई घड्याळ सोडवत होती, पण बक्कल तिला जमत नव्हतं.

चौथ्या दिवशी साडेसहाला चहा झाला. वेळेवर झाला. फाटकाशी रेहानाभाभींची हाक आली, ताईनं आतूनच गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. पांढरे बूट पलंगाखाली ठेवलेले दिसले. भाऊजींनी चहा पिताना दोनदा तो छान झाल्याचं सांगितलं.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली, म्हणजे माझ्या पँटचं बटण गेलं. ताई म्हणाली, रेहानाभाभींकडे जा, त्या कंबरही सैल करून देतील. चार महिन्यांच्या खडतर व्यायामानंतर मी कंबर सैल करून घ्यायला गेलो. भाभींनी माझ्या पोटाभोवती टेप धरली, आकडा कापडावर खडूनं लिहिला आणि म्हणाल्या, "नितीनभाई, तुमच्या घडीचा हिसाब आणि माझ्या टेपचा हिसाब काही जुळून नाही राह्यला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मशीनवर वाकूनच त्यांनी सांगितलं की ताईला एकटीला पुलाकडं जायचं धाडस होत नव्हतं, म्हणून पहिले आठ दिवस त्या तिच्या दारात उभ्या राहून हाका मारत होत्या. ताई रोज नवं कारण काढायची. मग एकदा आली आणि त्यानंतर एक दिवसही चुकली नाही. थंडी-धुकं काही म्हणाली नाही. "कालपासून तिच्यापाशी पक्कं कारण आलं. तुम्हीच आणून दिलं. डॉक्टर दोन महिन्यांनी खून तपासणार हाय, तेव्हा ते तेरा हजार दाखवाल तुम्ही त्याले?"

मी पँट कमरेवर धरून उभा होतो. 

दुपारी मी दुकानात जाऊन भाऊजींसमोर बसलो. दोन गिऱ्हाइकं होती, ती गेल्यावर बोलायचं ठरवलं होतं, पण ती जाईनात, म्हणून त्यांच्यादेखतच सांगितलं. घरातलं चालणं तुटक तुटक असतं, दहा पावलं चाललं की थांबणं. दम लागत नाही, नाडी वाढत नाही. डॉक्टरांनी सलग म्हटलंय ते यासाठी. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू ऑफिसात चहाले जातं ते सलग हाय का?"

मी नाही म्हटलं.

"पन ते तू व्यायामात लिहितं ना?"

मी हो म्हटलं.

"मंग तुहे पावलं मोजाचे अन् तिचे नाई, हे काहून?"

एका गिऱ्हाइकानं मान डोलावली. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. ताईचे तेरा हजार खरे ठेवायचे तर तिचा पूल जात होता, आणि पूल वाचवायचा तर माझं चार महिन्यांचं वैभव खोटं ठरवावं लागत होतं. मी फोन काढला, अ‍ॅप उघडलं आणि भाऊजींना सगळं दाखवलं. कॉफी मशीन, पार्किंग, बसच्या बर्थवरची झोपेतली पावलं, तांड्याच्या रस्त्यावरची तेरा हजार, हातानं दुसऱ्यांदा भरलेलं वेगाने चालणे. म्हटलं, भाऊजी, हे सगळं थोतांड आहे, मी खाण्यासाठी चालणं लिहितो. खतांच्या गोण्यांमध्ये बसून हे म्हणताना मला खरोखर लाज वाटली. भाऊजींना मात्र त्या बर्थवरच्या पावलांचंच फार कौतुक वाटलं. ती त्यांनी गिऱ्हाइकांनाही दाखवली. मूळ मुद्द्यावर ते म्हणाले की बरं, पाहू.

'पाहू' म्हणजे काय ते ताईनं पंचवीस वर्षांत ओळखलेलं आहे. संध्याकाळी जेवताना मी पुन्हा विषय काढला, सलग आणि तुटक यातला फरक परत सांगू लागलो. ताई भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "बापू, तू चूप बस. तुह्यानं काई होत नाई."

मग भाऊजींकडे वळून बोलली. आवाज चढवला नाही. "तेरा हजार पावलं कोनाचे हायेत ते नाई सांगत ते घड्याळ. तुमच्या चहापान्याचे हायेत, दुकानात येनाऱ्या लोकायचे हायेत. कोनी आवाज देल्ला का मी जातो, त्याचे हायेत. त्याच्यात माह्यं एक बी नाई. पुलाकडं जातो तं पाऊन तास मले कोनी आवाज देत नाई. डॉक्टरनं शुगरसाठी सांगतलं, ते बरोबर हाय. पन मी आवाज नाई येत म्हनून जातो."

 भाऊजींनी ताटाकडे बघत भाजीत मीठ जरा कमी आहे म्हणून सांगितलं. ताईनं मीठ वाढलं नाही. डबा त्यांच्यासमोर ठेवून दिला.

पाचव्या दिवशी माझी दुपारची बस होती. सकाळी मी उठलो तेव्हा ताई ओसरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. भाऊजी उठून बसले होते आणि चहाची वाट पाहत होते, म्हणजे वाट पाहतोय असं न दाखवता पेपर शोधत होते. ताईनं टेबलावरचं माझं घड्याळ उचललं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. म्हणाली, "हे घाला. चहा करताना किती चालनं होते, पाहा." फाटकाशी हाक यायच्या आत ती बाहेर पडली होती.

भाऊजींनी घड्याळ घातलं. त्यांना यंत्रांची आवड आहे. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि चहापत्ती कोणत्या डब्यात असते असं त्यांनी मला विचारलं. मला कसं माहीत असणार? सात डबे उघडून झाल्यावर ती सापडली. मग गाळणी, मग लायटर, मग दूध तापवलेलं आहे की नाही हा प्रश्न. मी मदत करत होतो, म्हणजे दारात उभा राहून सूचना देत होतो. शेवटी चहा झाला. भाऊजींनी मनगट माझ्यापुढं धरलं, "दोनशे बारा. टाक व्यायामात, सालेसाहेब."

सव्वासातला ताई आली. कपाळावर घाम होता, इतक्या थंडीत. भाऊजींनी तिच्यासाठी कप झाकून ठेवला होता आणि तो त्यांनी स्वतः आणून दिला. हे त्या घरात कधी झालं असेल असं मला वाटत नाही. ताईनं एक घोट घेतला आणि कप तोंडापासून दूर धरला. त्यात तीन चमचे साखर होती. ज्या दुखण्यापायी तिचं फिरणं सुरू झालं, तेच ते विसरले होते. ताईनं त्यांच्याकडे बघून एक घोट आणखी घेतला आणि भाऊजी पाठमोरे झाल्यावर कप माझ्याकडे सरकवला. मी तो पिऊन टाकला.

घड्याळ भाऊजींकडेच राहिलं. दिलं म्हणण्यापेक्षा त्यांनी काढलं नाही. आता ते रोज मोटारसायकलवरून आल्यावर मला फोटो पाठवतात, कधी अठरा हजार, कधी बावीस. ताईचं फिरणं चालू आहे. आठवड्यातून एखाद दिवस चुकतं, पाहुणे आले की चुकतं. चहा कधी भाऊजी करतात, कधी बिनचहाचे बसतात. रक्ताची तपासणी व्हायची आहे, आकडा काय येईल मला माहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, सोल्यांची भाजी खा, पुसदला एक दिवस ठेवा, आणि कुणाच्या घरी उतरलात तर तिथल्या बायकांना काही मोजून दाखवू नका.

पुण्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला उठलो. आता खरं, सलग, दम लागेपर्यंत चालायचं, असा निश्चय केला होता. बूट घातले. दार उघडता उघडता आत सांगितलं, "शिल्पा, पाऊण तासात येतो. आल्यावर लिंबूपाणी दे, कोमट."

ती तव्यासमोर होती. एका कानात डूल होतं, दुसरं ओट्यावर होतं. लेक आतल्या खोलीतून आपलं ओळखपत्र कुठं आहे ते विचारत होती आणि शिल्पा पोळी उलटताना तिला उत्तर देत होती. नऊला तिलाही ऑफिस असतं. माझ्या चार महिन्यांच्या अ‍ॅपमध्ये या घरातलं एकच माणूस चालत होतं, हे मला दारातच कळलं. भाऊजींवर मी पाच दिवस मनातल्या मनात हसलो होतो.

मी बूट काढले आणि तिला म्हटलं, तू जा फिरायला.

"आणि डबे?"

मी म्हटलं, मी भरतो. तिनं आधी तव्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तीन पोळ्या राहिल्यात," एवढंच म्हणाली. दुसरं डूल घातलं नाही. चपला सरकवल्या आणि गेली.

तीनपैकी दोन जळल्या. लेकीनं डबा उघडून पाहिला आणि बंद केला. शिल्पा एक तास दहा मिनिटांनी आली. कुठवर गेली होतीस, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.